तुळशीपर्यंतची वायर

निकिताला लहानपणापासून एक खोड होती. एखादी वस्तू चालू असली की ती का चालते, आणि बंद पडली की नेमकी कुठे बंद पडली, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. देवळाली कॅम्पातल्या घरी तिने आईचा मिक्सर उघडला, मग इस्त्री उघडली, मग शेजारच्यांचा रेडिओ. मार खाल्ला तो रेडिओसाठी. पुढे ती मोठी झाली, लग्नांत कॅमेरे आणि एलईडी स्क्रीन लावणाऱ्या गोटीरामकाकांकडे कामाला लागली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय थोडीच जाते!

गोटीरामकाका बरोब्बर उलटे. "चालतंय ना? मग हात लावू नको," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. नाशिकच्या आसपासची किती लग्नं त्यांनी मोठ्या पडद्यावर दाखवली असतील, देव जाणे, पण पडद्याच्या मागे काय चालतं याची चौकशी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. अशा माणसाच्या हाताखाली निकिताने दोन वर्षं काढली, यात कौतुक दोघांचंही आहे.

तर त्या दिवशी लग्न होतं मखमलाबादच्या पुढे, भिमाजींच्या मळ्यात. गुलाबाची आणि झेंडूची शेती, मागे थोडी द्राक्षं. सगळं गाव आता लॉन्सवर लग्नं करतं, पण भिमाजी हट्टी. "माझ्या पोरीचं लग्न माझ्या दारात होईल," म्हणाले, आणि घरासमोरच्या मोकळ्या वावरात मांडव घातला. मांडव आणि घर यांच्या मधोमध फुलं निवडायची पत्र्याची शेड. ही शेड लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सकाळी कॅमेरे लावून झाले आणि निकिता पाणी प्यायला घराच्या मागच्या दारी गेली. तिथे तुळशीवृंदावनापाशी नवरीची आई, साधनाबाई, ओटा पुसत होत्या. नवी साडी नेसून, गजरा माळून, ओटा पुसत. निकिताला नवल वाटलं. नवरीच्या आईला लग्नाच्या दिवशी मान खाजवायला फुरसत नसते, आणि ही बाई ओटा पुसते?

साधनाबाईंनी पाणी दिलं, थोड्या घुटमळल्या आणि म्हणाल्या, "ताई, एक विचारू? तुमच्या त्या मोठ्या टीव्हीवर जे दिसतं, ते इकडं दिसंल का?"

"इकडे कशाला? तुम्ही मांडवातच असणार ना?"

"नाय ना. आईनं मुलीचं लग्न बघायचं नसतं आमच्यात. मंगलाष्टका चालू झाल्या की मी इथं तुळशीला पाणी घालीत बसायचं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, की मग जायचं."

निकिताने ही पद्धत ऐकली होती, पण पद्धतीच्या आत बसलेली बाई तिने पहिल्यांदाच जवळून पाहिली. साधनाबाईंना दोनच मुली. थोरल्या हर्षालीच्या लग्नात कोणीतरी मोबाइलवर लाइव्ह लावून दिलं होतं. पण मांडवात हजार माणसं, हजार मोबाइल, नेटवर्कची पार दाणादाण. पडद्यावर ते गोल चाक फिरत राहिलं. "अक्षता पडल्या, पंगत बसली, तव्हा कुठं माझ्या मोबाइलात अंतरपाट धरला," साधनाबाई हसत म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला. "आता ही धाकटी दिशा शेवटची. यानंतर घरात लग्न नाय."

झालं. निकिताच्या डोक्यात किडा शिरला. काकांच्या टेबलावर सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र करणारा मिक्सर होता, त्याला वायर खोचायची एक जागा रिकामी होती. तिथून एचडीएमआयची वायर काढायची, शेडमधून घराच्या मागे आणायची आणि पडवीत टीव्ही ठेवायचा. त्यात काय एवढं?

"वायर पुरणार नाही," गोटीरामकाका म्हणाले.

"का नाही पुरणार? वीस मीटरच्या दोन आहेत. जोडल्या की चाळीस झाले."

"चाळीसवर चित्र येत नाही."

"का येत नाही?"

"येत नाही म्हणजे येत नाही. तुला कामं नाहीत का गं?"

कामं होती. पण ती उरकून तिने दोन्ही वायरी ओढल्या, शेडमध्ये एका छोट्या जोडणीने एकमेकींत अडकवल्या, पडवीत टीव्ही मांडला आणि लावला. टीव्हीवर मिट्ट काळोख. 'नो सिग्नल'. काका लांबून बघत होते. नुसते सुपारी चघळत राहिले, आणि तेच जास्त लागलं.

निकिता शेडमध्ये परत आली. बॅगेतला छोटा मॉनिटर पहिल्या वायरीच्या टोकाला लावला. चित्र आरशासारखं लख्ख! स्टेजवर फुलं लावणाऱ्या माणसाच्या शर्टाची बटणंसुद्धा मोजता येतील असं. मग पुढच्या वीस मीटरात असं होतं तरी काय? लहानपणी घरी केबल टीव्ही होता, तेव्हा चित्र बिघडायचं ते हळूहळू. मुंग्या यायच्या, रंग उडायचे, पण हिरो कोणता आणि व्हिलन कोणता एवढं तरी कळायचं. इथे मात्र अर्धं-मुर्धं काही नाहीच. एक तर लख्ख, नाही तर अंधार. हे कसं काय?

तिने मोबाइलवर थोडं वाचलं, थोडं स्वतः ताडलं. हे चित्र वायरीतून चित्र म्हणून जातच नाही. हो-नाही, हो-नाही असे इशारे सुसाट वेगाने जातात आणि पलीकडचा टीव्ही ते वाचून चित्र मांडतो. वायर लांबली की इशारे फिके पडतात, एकमेकांत मिसळतात. वाचता येतात तोवर टीव्ही पुरतं चित्र देतो. वाचता येईनासे झाले की दुकान बंद. म्हणजे बिघाड आधीपासूनच होत असतो, फक्त दिसत नाही. हे कळल्यावर तिला इतका आनंद झाला की काकांना सांगायला गेली. काका म्हणाले, "बरं. आता तो फोकसचा दिवा सरळ कर."

गाडीत एक डबी होती. काडेपेटीहून थोडी मोठी, एका बाजूने वायर घ्यायची, दुसऱ्या बाजूने द्यायची. आलेले फिके इशारे वाचायचे आणि नव्याने ठसठशीत करून पुढे पाठवायचे, एवढंच तिचं काम. मागे कुठल्याशा कामासाठी आणलेली ती डबी निकिताने पडवीत, टीव्हीच्या अगदी शेजारी लावली, कारण तिथे प्लग होता. तरी अंधारच.

ती उकिडवी बसून डोकं खाजवत होती तेवढ्यात मागून आवाज आला. "काय गं पोरी, सकाळधरनं काय वढून राह्यली ही वायर?"

रंगूबाई. भिमाजींची आई, साधनाबाईंची सासू, नवरीची आजी. अंगावर हिरवं नऊवारी, पायात चांदीचे वाळे, आणि आवाज असा की शेतातली पाखरं उडावीत. त्यांनी टीव्ही पाहिला, सूनबाईंकडे पाहिलं आणि सगळा प्रकार ओळखला.

"हे इथं चालायचं नाय," त्या म्हणाल्या. "मुलीचं लग्न आईनं बघायचं नाय. मी बघलं नाय. तीन मुली उजवल्या, तिन्ही टायमाला याच तुळशीपाशी बसले."

साधनाबाईंनी हळूच टीव्हीवर साडीचा पदर टाकला, जणू झाकला की नाहीसाच होईल.

आता दुसरी कोणी असती तर मुकाट्याने वायर गुंडाळून गेली असती. पण निकिताला दुसराच प्रश्न पडला. "आजी, पण का बघायचं नाही?"

रंगूबाई थबकल्या. एवढ्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसावं. "का म्हंजी? आईचा जीव. ती रडणार. आईच्या डोळ्यातलं पाणी पोरीच्या मुहूर्तावर पडू नये. माझी सासू असं सांगायची." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू काय करती ते तं सांग. हे चित्र वायरीतून येतं?"

"येतं. पण अर्ध्या वाटेत थकतं. ही डबी त्याला ताकद देते, तरी येत नाही."

"डबी इथं लावली तू. चित्र कुठं थकतं?"

"शेडच्या पुढे कुठंतरी."

"मंग बाई पडल्यावर हात देऊन काय उपेग? नदीवरून हंडा आणताना मधल्या चढावर हात द्यायला लागायचा. घरी आल्यावर नाय."

डबीला इशारे वाचता आले तरच ती पुन्हा लिहिणार, आणि इथवर येईतो वाचण्यासारखं काही उरतच नव्हतं! आपल्याला हेच सुचायला हवं होतं, असं म्हणत निकिताने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. डबी उचलली, शेडमध्ये धावली, जोडणी काढून तिच्या जागी डबी बसवली, भिंतीवरच्या बोर्डात अ‍ॅडॉप्टर खोचला. डबीवर हिरवा दिवा लागला. आणि पडवीतून साधनाबाईंचा आवाज आला, "दिसलं! अगं बाई, दिसलं!"

रंगूबाई निकिताच्या मागोमाग शेडपर्यंत आल्या होत्या. डबीकडे वाकून बघत त्यांनी विचारलं, "आणि इकडचं तिकडं जातं का?"

"म्हणजे?"

"तिकडचं इकडं दिसतं. मंग इकडं साधना बसली, तिचं काय तिकडं जातं का? डोळ्यातलं पाणी, नजर, काय?"

निकिताने डबी उलटी करून त्यांना बाण दाखवला. "नाही आजी. चित्र एकाच दिशेने जातं. इकडून तिकडे काही जात नाही." पण मग तिला राहवेना, कारण ते पुरतं खरं नव्हतं. "एकच गोष्ट जाते. टीव्ही तेवढं उलट कळवतो की मी इथं आहे, मला चित्र पाठव. तेवढं कळल्याशिवाय तिकडून काही निघतच नाही."

"मी इथं हाय, एवढंच?"

"एवढंच."

रंगूबाईंनी त्या हिरव्या दिव्याकडे आणखी एकदा वाकून बघितलं. "माझी खुर्ची पुढं ठेवली का, ते बघते," म्हणाल्या आणि मांडवाकडे निघून गेल्या. आजीला बंदी नव्हती. नातीचं लग्न आजी खुशाल बघू शकते, आणि रंगूबाईंनी पहिल्या रांगेतली, पांढऱ्या कापडाची, मागे गुलाबी फीत बांधलेली खुर्ची सकाळपासूनच धरून ठेवली होती. कोणी बसलं की उठवत होत्या.

दुपार झाली, वऱ्हाड आलं. नवरदेव घोड्यावरून उतरता उतरेना. मग माइकवाला सुरू झाला. अमुक गावचे सरपंच, तमुक सोसायटीचे चेअरमन, शाल, नारळ, फेटा. मुहूर्त टळला तरी चालेल पण सत्कार चुकता कामा नये, असा आपला शिरस्ता.

आणि इथेच घोळ झाला. मांडवातली निम्मी माणसं मोबाइल चार्ज करायला जागा शोधत होती, आणि शेडमधल्या त्या एकुलत्या एक बोर्डाचा पत्ता सगळ्यांना लागला. निकिता टेबलावरून उठून पडवीत डोकावली तर टीव्ही काळा. शेडमध्ये धावली. तिचा अ‍ॅडॉप्टर काढून बाजूला ठेवलेला, त्याच्या जागी कोणाचा तरी चार्जर. तिने तो काढला, आपला लावला, वर चिकटपट्टी मारली आणि कागदावर मोठ्या अक्षरात 'काढू नये' असं लिहून चिकटवलं. थोड्या वेळाने परत बघते तर चिकटपट्टी सोललेली, कागद तसाच, आणि तीन मोबाइल एका एक्स्टेंशन बोर्डावर. आता काय बोलणार? नाशिकचा पाहुणा देव सोडून कोणाचं ऐकतो होय!

"काका, तिथे कोणीतरी उभं करायला हवं," ती म्हणाली.

"मंगलाष्टका लागताहेत. दोन नंबरचा कॅमेरा तुझा आहे. इथून हलायचं नाही." काका चिडले नव्हते, त्यांचं बरोबरच होतं. ज्या कामाला आले ते आधी. भिमाजी स्टेजवर असणार, घरातलं प्रत्येक माणूस अक्षता घेऊन मांडवात. लग्न लागताना शेडमध्ये कोण राखण बसणार?

ती शेवटची धावत पडवीत गेली. टीव्ही चालू होता. साधनाबाई तुळशीपुढे पाटावर बसल्या होत्या, हातात तांब्या. "ताई, वायर मी आत्ताच परत लावली आहे," निकिता म्हणाली. "पण मला आता तिकडे उभं राहायचंय. मध्येच गेलं तर मी येऊ शकणार नाही. माफ करा."

"जाऊ दे गं," साधनाबाई म्हणाल्या. "गेलं तं गेलं. तू एवढं केलं, कोण करतं?" बोलल्या हसून, पण नजर टीव्हीवरून हलत नव्हती. निकिता तशीच मांडवाकडे पळाली. वाटेत शेडच्या दाराशी दोन पोरं चार्जर हातात घेऊन उभी दिसली. ओरडायलाही वेळ नव्हता.

अंतरपाट धरला. भटजींनी सूर लावला. निकिताने कॅमेरा दोन उचलला, पण तिचं अर्धं मन पडवीतल्या टीव्हीपाशी होतं. तिला खात्री होती, एव्हाना गेलं असणार. कानातल्या हेडफोनात काकांचा आवाज आला, "निकिता, पहिली रांग. आजीचा क्लोजअप. आजी रडत असणार, तो घे."

तिने कॅमेरा वळवला. पांढऱ्या कापडाची, गुलाबी फितीची खुर्ची रिकामी होती.

"आजी नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत कशा? सकाळपासून धरून बसल्यात ती खुर्ची. बघ नीट."

तिने अख्खी रांग तपासली, मागची तपासली. आजी कुठेच नव्हत्या. चक्कर आली की काय? की टीव्ही बघून रागावून घरात जाऊन बसल्या? की पडवीत जाऊन सुनेशी भांडताहेत? मंगलाष्टका सरत होत्या, आणि ती कॅमेऱ्यातून त्या रिकाम्या खुर्चीकडे परत परत बघत होती. शेवटची अक्षता पडली, वाजंत्री कडाडली, अंतरपाट दूर झाला. दिशाने हार घातला. तिने तो अगदी जवळून घेतला आणि कॅमेरा स्टँडवर ठेवून जी पळाली ती थेट पडवीत.

साधनाबाई अजून पाटावरच होत्या. तांब्या रिकामा, बादली रिकामी, तुळशीपासून निघालेलं पाणी ओट्यावरून खाली त्यांच्या पायापाशी साठलेलं. टीव्हीवर दिशा हसत होती. लख्ख.

"एकदा पण गेलं नाय गं," त्या म्हणाल्या. गाल ओले होते, पुसायची शुद्ध नव्हती. "हार घालताना तिनं इकडंतिकडं बघलं. मला शोधीत होती. मला दिसलं."

"आजी आल्या होत्या का इथे?"

"आत्याबाई? नाय. त्या मांडवात असतील ना."

निकिता शेडकडे वळली. झेंडूचा वास, पत्र्याखालची ऊब. फुलांच्या क्रेटवर, बोर्डाला तोंड करून, मांडवाकडे पाठ करून रंगूबाई बसल्या होत्या. उजव्या हाताचा पंजा त्या अ‍ॅडॉप्टरवर पक्का दाबलेला. डावा हात मांडीवर, मूठ घट्ट मिटलेली. डबीचा हिरवा दिवा लागलेला होता. दाराबाहेर ती दोन पोरं चार्जर हातात धरून, शाळेतल्यासारखी गप्प उभी होती.

"आजी, अहो तुमची खुर्ची..."

"झालं का?" रंगूबाईंनी मान न वळवता विचारलं.

"झालं."

"दिसलं का तिला?"

"सगळं दिसलं."

"रडली असंल."

"खूप रडल्या."

"रडू दे. तिकडं काय पोहचत नाय, तूच म्हणली ना. मी इथं हाय, एवढंच पोहचतं." त्यांनी डावी मूठ उघडली. आतल्या अक्षता घामाने एकमेकींना चिकटल्या होत्या, कुंकू तळव्याला लागलं होतं. "ह्या दिशीच्या डोक्यावर टाक तू. माझ्या पायाला मुंग्या आल्या."

निकिताने ओंजळ पुढे केली. अक्षता तिच्या हातात आल्या, तरी रंगूबाईंचा उजवा हात बोर्डावरून हलला नाही.

"आता काढू का गं हात?" त्यांनी विचारलं. "का अजून दिसून राह्यलं तिला?"

तिकडे मांडवात नवरा-नवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला स्टेजवरून उतरत होती. निकिताने ओल्या अक्षता मुठीत धरल्या.

"अजून थोडा वेळ ठेवा, आजी," ती म्हणाली. "मी दिशाला इकडेच घेऊन येते."